एमिलिया बोलते तेव्हा

"नवऱ्याचं ऐकायला हवं, हे मला मान्य आहे. पण आत्ता नाही. आणि इयागो, कदाचित मी आता कधीच घरी यायची नाही."

'ऑथेल्लो'च्या शेवटच्या प्रवेशात एमिलिया हे बोलते. तिची मालकीण डेस्डेमोना पलंगावर मरून पडली आहे. तिला मारणारा नवरा, व्हेनिसचा काळा सेनापती ऑथेल्लो, समोरच उभा आहे. आणि डेस्डेमोनाचे ऑथेल्लोच्या हाताखालच्या कॅशियोशी संबंध आहेत असा खोटा संशय भरवून ज्याने हे सगळं घडवलं तो इयागो, एमिलियाचा स्वतःचा नवरा, तिला दटावतो आहे, की तोंड आवर, घरी जा. थोड्याच वेळात तो तलवार उपसणार आहे. त्या खोलीत सेनापती आहे, सरदार आहेत, व्हेनिसहून आलेले मानकरी आहेत. काय घडलं ते ओळखून बोलायची हिंमत करते ती मात्र त्या सगळ्यांत खालच्या पायरीवरची बाई. शेक्सपिअरच्या नाटकांत यापेक्षा धीट असं मला काही आठवत नाही. लेडी मॅकबेथ आठवूनही मी हेच म्हणेन.

आपल्याकडे 'ऑथेल्लो' शिकवतात ते संशयाचं नाटक म्हणून. इंग्रजी साहित्याच्या वर्गात प्रश्न ठरलेले असतात: इयागोचा हेतू काय, ऑथेल्लोचा दोष कोणता, डेस्डेमोना निष्पाप की भोळी. एमिलियाच्या वाट्याला टिपा लिहा. मीही त्या टिपा लिहिल्या आहेत. पण नाटक पुन्हा पुन्हा वाचताना माझं लक्ष तिच्याकडेच जाऊ लागलं. या नाटकात वर्ण, बाईपण आणि चाकरी या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते तिच्याइतकं दुसऱ्या कोणात दिसत नाही.

आधी थोडं मूळ कथेबद्दल. शेक्सपिअरने ही गोष्ट चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ साली छापलेल्या कथासंग्रहातून उचलली. त्या कथेत फक्त डिस्डेमोनाला नाव आहे. बाकी सगळे मूर (म्हणजे उत्तर आफ्रिकेतला माणूस, पुढचा ऑथेल्लो), निशाणदार (पुढचा इयागो), कप्तान (पुढचा कॅशियो), निशाणदाराची बायको. या बायकोला नवऱ्याचं कारस्थान पहिल्यापासून ठाऊक असतं, पण त्याच्या भीतीने ती तोंड उघडत नाही. मैत्रिणीला फक्त इतकंच सांगते, की नवऱ्याला संशय येईल असं वागू नकोस. डिस्डेमोना मारली जाते, पुढे मूर मरतो, निशाणदारही मरतो, आणि मग कुठे ती सगळी हकिगत सांगते. नवरा गेल्यावर.

शेक्सपिअरने नेमका हा सांधा उलटा बसवला. त्याच्या एमिलियाला कट माहीत नाही. पण ज्या क्षणी कळतो त्या क्षणी ती बोलते, नवरा हातभर अंतरावर जिवंत उभा असताना. चिंथिओची बायको वाचली ती गप्प राहिली म्हणून. एमिलिया बोलते आणि त्यापायी मरते.

ती नेमकी कोणत्या चौकटीत उभी राहून बोलते हे समजून घ्यायचं तर त्या काळच्या इंग्लंडचा कायदा बघावा लागतो. १३५२ च्या राजद्रोहाच्या कायद्यात एक 'छोटा राजद्रोह' होता. चाकराने मालकाचा जीव घेतला किंवा बायकोने नवऱ्याचा, तर तो साधा खून नव्हे, द्रोह. कारण प्रजेला जसा राजा, तसा चाकराला मालक आणि बायकोला नवरा. अशा बाईला जिवंत जाळण्याची शिक्षा होती. नवऱ्याने बायकोला मारलं तर मात्र तो नुसता खून. हा भेद इंग्लंडच्या कायद्यातून गेला तो थेट १८२८ साली. चर्चमध्ये लग्नावरचं जे प्रवचन वाचून दाखवत, त्यातही बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हे ठासून सांगितलेलं असे. एमिलिया तर बायकोही आणि चाकरही, म्हणजे दोन्हीकडून बांधलेली. "नवऱ्याचं ऐकायला हवं" हे ती नाइलाजाने तोंडदेखलं म्हणत नाही. तिच्या जगाचा तो पायाच आहे. तो पाया ती मान्य करते आणि त्याच दमात "पण आत्ता नाही" म्हणते. बंड करणारी पात्रं रंगभूमीवर कितीतरी येतात. नियम मान्य असूनही एका क्षणी सत्यासाठी तो मोडणारी बाई मला जास्त खरी वाटते.

आता तो रुमाल. स्ट्रॉबेरीची नक्षी काढलेला, ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेला पहिला नजराणा. तिसऱ्या अंकात तो डेस्डेमोनाच्या हातून पडतो आणि एमिलिया उचलते. इयागोने तिला कितीदा तो पळवायला सांगितलेलं असतं. ती स्वतःशी म्हणते, तो याचं काय करणार ते देवाला ठाऊक, मला नाही. मी आपली त्याची लहर सांभाळते. इयागो येतो, तिला घालूनपाडून बोलतो, तरी ती त्याला रुमाल देते, जणू त्याचं एखादं बरं बोलणं ऐकायला मिळावं म्हणून. मग लगेच विचारते, कशाला हवा होता, काही महत्त्वाचं नसेल तर परत दे, बाईसाहेबांना वेड लागेल तो हरवला म्हणून. तो तिला हाकलून देतो आणि रुमाल कॅशियोच्या खोलीत टाकायचं ठरवतो, म्हणजे ऑथेल्लोला तो पुरावा वाटेल.

पुढच्याच प्रवेशात डेस्डेमोना विचारते, "एमिलिया, रुमाल कुठे गं हरवला असेल?" आणि एमिलिया उत्तर देते, "ठाऊक नाही, बाईसाहेब."

मी या उत्तरापाशी दरवेळी थांबते. खोटं आहे ते. त्या खोट्यात सगळं आहे: नवऱ्याची भीती, त्याची मर्जी मिळवायची धडपड, मालकिणीपुढे चोरी उघड होण्याची लाज. एमिलिया दुष्ट नाही. तिच्यासारख्या बायकांना रोज अशी छोटी खोटी बोलून दिवस ढकलावा लागतो. काही वेळातच ऑथेल्लो रुमालावरून डेस्डेमोनावर आगपाखड करतो, एमिलिया तिथेच उभी आहे, तरीही ती रुमालाबद्दल चकार शब्द काढत नाही. तो गेल्यावर फक्त पुरुषांवर एक कडवट वाक्य बोलते: ते म्हणजे नुसती पोटं आणि आम्ही नुसतं अन्न, भुकेने आम्हाला खातात आणि पोट भरलं की ओकून टाकतात. पुरुषजातीबद्दल बोलायला ती घाबरत नाही. आपल्या एका पुरुषाबद्दल बोलायला घाबरते. हे शेक्सपिअरला कसं काय इतकं अचूक कळलं असेल!

चौथ्या अंकाच्या शेवटी दोघी बायका एकट्या असतात. नाटकात इतका शांत प्रवेश दुसरा नाही. एमिलिया मालकिणीच्या कपड्यांच्या टाचण्या काढते आहे, पलंगावर लग्नातल्या चादरी घालून झाल्या आहेत. डेस्डेमोनाला आईच्या दासीचं गाणं आठवतं. त्या दासीचं नाव बार्बरी. तिचा प्रियकर तिला सोडून गेला आणि ती ते विलोच्या झाडाचं गाणं गात गातच मेली. बार्बरी हे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याचंही नाव, आणि पहिल्या अंकात इयागोने ऑथेल्लोला 'बार्बरी घोडा' म्हणून हिणवलेलं असतं. ही दासी कुठून आली होती, तिचा वर्ण कोणता होता, शेक्सपिअर सांगत नाही. पण आपल्या दुःखाला शब्द हवे झाले तेव्हा सिनेटरच्या लेकीला एका दासीचं गाणं उसनं घ्यावं लागलं, हे मात्र तो सांगतो.

मग डेस्डेमोना विचारते, नवऱ्याला फसवणाऱ्या बायका खरंच असतात का? आणि एमिलिया बोलू लागते. बायका चुकत असतील तर त्यात नवऱ्यांचा दोष आहे. ते बाहेर उधळतात, विनाकारण संशय घेतात, आम्हाला कोंडतात, मारतात. मग ती म्हणते: "नवऱ्यांना कळू दे, की त्यांच्या बायकांनाही त्यांच्यासारखीच ज्ञानेंद्रियं आहेत. त्याही बघतात, वास घेतात, गोड-आंबट त्यांच्याही जिभेला कळतं."

हे नाटक पहिल्यांदा १६२२ साली छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी शेक्सपिअरच्या समग्र नाटकांच्या मोठ्या ग्रंथात पुन्हा आलं. १६२३ च्या ग्रंथात सुमारे १६० ओळी अशा आहेत ज्या आधीच्या छापील प्रतीत नाहीत. विलोचं गाणं आणि एमिलियाचं हे भाषण त्यांतलंच. म्हणजे १६२२ ची प्रत विकत घेणाऱ्याला एमिलिया भेटली ती या भाषणाशिवाय. या ओळी शेक्सपिअरने नंतर घातल्या की आधीच्या प्रतीतून गाळल्या गेल्या, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रंगभूमीवर हा प्रवेश सर्रास कापला जाई. इटालियन संगीतकार वेर्दीने १८८७ साली या नाटकाचा ऑपेरा केला, त्यात विलोचं गाणं आहे, आणि काय सुंदर आहे! पण एमिलियाचं भाषण नाही. झुरणाऱ्या बाईचं गाणं सगळ्यांना हवं असतं. हिशेब मागणाऱ्या बाईचं बोलणं आधी कात्रीत सापडतं.

इथवर एमिलिया आपलीशी वाटते. पुढचं मला जड जातं.

ऑथेल्लोने बायकोला मारलं हे कळताच एमिलिया ओरडते, "म्हणजे ती आणखीच देवदूत, आणि तू आणखीच काळा सैतान!" पुढे म्हणते, त्या गलिच्छ सौद्यावर तिचा फार जीव जडला होता. ऑथेल्लोला ती चिखलाइतका अडाणी म्हणते. जी बाई बायकांच्या वतीने नाटकातलं सगळ्यात थोर भाषण करते, तिच्याच तोंडी नाटकातला हा विखार आहे.

मैत्रिणींच्या गटात आम्ही 'ऑथेल्लो'चं अभिवाचन करत होतो, तेव्हा एमिलिया वाचणारी मैत्रीण नेमकी या वाक्यांपाशी अडखळली. पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाली, हे गाळूया, तिच्या तोंडी शोभत नाही. दोघीतिघींनी माना डोलावल्या. मी नको म्हटलं, आणि आजही नकोच म्हणेन. त्या ओळी कापल्या तर आपल्याला एक निर्मळ एमिलिया मिळते, पण शेक्सपिअरने लिहिलेली मिळत नाही. आदल्या अंकात काय झालं ते विसरून चालणार नाही. ऑथेल्लोने डेस्डेमोनाला चारचौघांत थोबाडीत मारली. मग तिच्या खोलीला कुंटणखाना आणि एमिलियाला तिथली कुंटीण ठरवून, जाताना "हे घे, तुझ्या मेहनतीचे" म्हणत तिच्यापुढे पैसे टाकले. सेनापतीच्या हातात त्या वेळी नवऱ्याची, मालकाची आणि पुरुषाची सत्ता एकवटली होती. एमिलियाकडे त्याच्यावर उगारायला काय होतं? एकच गोष्ट, जी व्हेनिसने प्रत्येक गोऱ्या माणसाच्या हाती आयती दिली होती: त्याचा रंग. तिने तीच उचलली.

हे तिचं समर्थन नव्हे. व्हेनिसची उतरंड अशीच चालते. तिथे जो तो कुठल्यातरी पायरीवर चिरडला जातो आणि दुसऱ्या पायरीवर कुणाच्यातरी डोक्यावर उभा असतो. ऑथेल्लोचंच बघा. डेस्डेमोनाचा बाप ब्रबॅन्शियो त्याला आवडीने घरी बोलावायचा, लढायांच्या, गुलामगिरीतून सुटल्याच्या गोष्टी ऐकायचा. पाहुणा म्हणून आवडलेला हाच माणूस जावई झाला तर मात्र जादूटोणाच केला असणार! असली लग्नं चालू दिली तर उद्या गुलाम आणि विधर्मी आपले राज्यकर्ते होतील, असं तो सिनेटपुढे जायला निघताना म्हणतो. व्हेनिसच्या प्रमुखाला, ड्यूकला, मात्र त्याच रात्री सायप्रसकडे निघालेल्या तुर्की आरमाराची चिंता असते आणि त्यासाठी ऑथेल्लो हवा असतो, म्हणून तो बापाची समजूत घालतो: तुझा जावई काळा कमी, गोराच जास्त आहे. ही त्या दरबारातली सर्वांत मोठी स्तुती. ऑथेल्लो ती ऐकून घेतो. तिसऱ्या अंकात संशयाने पोखरल्यावर मात्र तो स्वतःच म्हणू लागतो, मी काळा आहे म्हणून तर नसेल? बाहेरच्यांची नजर त्याच्या आत शिरलेली असते.

लंडनला हे परकं नव्हतं. १५९६ साली राणी एलिझाबेथच्या नावाने शहराच्या मेयरला पत्र गेलं, की देशात काळे लोक फार झालेत, काहींना बाहेर पाठवा. आणि १६०० साली मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्द अल-वाहिद लंडनला आला तेव्हा त्याचं इतमामाने स्वागत झालं, कारण स्पेनविरुद्ध मोरोक्को हाताशी हवा होता. त्याचं रंगवलेलं चित्र आजही आहे, कमरेला तलवार, नजर थेट आपल्यावर. रस्त्यावरचा मूर नको आणि कामाचा मूर हवा. 'ऑथेल्लो'चा पहिला नोंदलेला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ ला जेम्स राजासमोर व्हाइटहॉलला झाला. पुढच्याच जानेवारीत, त्याच राजवाड्यात, खुद्द राणी ॲन आणि तिच्या सख्या चेहरे आणि हात काळे रंगवून नाटककार बेन जॉन्सनच्या एका दरबारी खेळात नाचल्या. त्यात नायजर नदीच्या काळ्या मुली ब्रिटनला येतात, कारण इथल्या सूर्याच्या उजेडात त्या गोऱ्या होणार असतात!

आणि व्हाइटहॉलच्या 'ऑथेल्लो'च्या त्या प्रयोगात ना काळा माणूस होता, ना बाई. ऑथेल्लो करणारा रिचर्ड बर्बेज गोरा, डेस्डेमोना आणि एमिलिया करणारे मुलगे. १६१० मध्ये शेक्सपिअरची नाटक कंपनी ऑक्सफर्डला गेली तेव्हा हेन्री जॅक्सन नावाच्या विद्वानाने पत्रात लिहून ठेवलं, की डेस्डेमोना बोलताना छान होतीच, पण मारली गेल्यावर नुसत्या चेहऱ्याने तिने प्रेक्षकांची करुणा मागितली. तो मुलगा होता याचा उल्लेखही त्याने केला नाही. बालगंधर्वांना पाहिलेल्यांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० च्या सुमारास 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हा आपल्याही रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत होते. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर त्याच्याही आधी, १८६७ सालचं. इंग्लंडमध्ये ८ डिसेंबर १६६० ला व्यावसायिक रंगमंचावर पहिल्यांदा बाई उभी राहिली असं मानतात, तीही डेस्डेमोना म्हणूनच.

काळ्या नटाला याहून कितीतरी जास्त थांबावं लागलं. मार्च १८३३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो करता करता प्रसिद्ध गोरा नट एडमंड कीन कोसळला. त्याच्या जागी पुढच्या महिन्यात अमेरिकेतून आलेला काळा नट आयरा आल्ड्रिज उभा राहिला. गुलामगिरी बंद करायचा कायदा पार्लमेंटात येऊ घातला होता तेच हे वर्ष. एका नामांकित साप्ताहिकाने सभ्यतेच्या नावाने निषेध केला, तो डेस्डेमोना करणाऱ्या गोऱ्या नटीला या माणसाने हात लावल्याबद्दल. ब्रबॅन्शियोचीच तक्रार, २२९ वर्षांनी. त्यातही बाईचं अंग हे पुन्हा कुणाच्यातरी इभ्रतीचं कोठार. त्या नटीला काय वाटलं, हे विचारायचं त्या लेखकाच्या मनातही आलं नाही. वर्णाचा आणि बाईपणाचा प्रश्न वेगवेगळा काढता येत नाही, तो इथे. गोऱ्या बाईवरचा पहारा आणि काळ्या माणसावरची बंदी एकाच कुलपाने होते, आणि किल्ली दोघांकडेही नसते. १९८७ साली जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये दिग्दर्शिका जॅनेट सुझमनने जॉन कानी या काळ्या नटाला ऑथेल्लो म्हणून उभं केलं, तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा रद्द होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

एमिलियाकडे परत येते. कट उघड होतो तो रुमालामुळे. ऑथेल्लो रुमालाचं नाव काढतो आणि तिला सगळं उमगतं. आता ती गप्प राहिली असती तर तिची चोरी झाकली गेली असती. ती म्हणते, तो मला सापडला होता आणि मीच माझ्या नवऱ्याला दिला. "ठाऊक नाही, बाईसाहेब" या उत्तराची ही भरपाई, बाईसाहेब ऐकायला नसताना. इयागो तिला भोसकतो आणि पळतो. मरताना तिची एकच मागणी असते: मला माझ्या मालकिणीच्या शेजारी ठेवा. आणि विलोच्या गाण्याची एक ओळ ती गुणगुणते. बार्बरीपासून डेस्डेमोनाकडे, डेस्डेमोनापासून तिच्याकडे आलेली ती ओळ.

त्यानंतर नाटक तिला विसरतं. ऑथेल्लो आपल्या राज्यसेवेची आठवण देत, अलेप्पोत मारलेल्या तुर्काची गोष्ट सांगत स्वतःला संपवतो. घरदार आणि मालमत्ता डेस्डेमोनाच्या काकाकडे जाते, सायप्रसचा कारभार कॅशियोकडे. व्यवस्था पुन्हा मार्गी लागते. ज्या बाईमुळे खरं काय ते कळलं तिचं नाव नंतर कोणी घेत नाही. पलंगावरचा हा भार बघ, असं व्हेनिसहून आलेला मानकरी लोडोव्हिको इयागोला सुनावतो, पण त्या पलंगावर एमिलिया आहे की नाही, ते छापील प्रतीत लिहिलेलं नाही. तिची मागणी पुरी झाल्याची सूचना कुठेच नाही. ते प्रत्येक दिग्दर्शकाला ठरवावं लागतं. कुणी तिला डेस्डेमोनाशेजारी ठेवतं, कुणी जिथे पडली तिथेच राहू देतं. नवा प्रयोग पाहायला गेले की मी शेवटाला ऑथेल्लोचं भाषण ऐकत असते आणि डोळे मात्र तिला कोणी उचलतंय का ते शोधत असतात. दिग्दर्शकाने तिला पलंगावर ठेवावं असं मला वाटतं, आणि कॅशियोला गादी मिळायच्या आधी ठेवावं.